सत्तरीच्या माणसालाही परवाना

महाराष्ट्रात दारू पिणाऱ्या प्रत्येक माणसाजवळ, मग तो सव्वीस वर्षांचा असो की शहाऐंशी, कायद्याप्रमाणे एक कागद असावा लागतो: पिण्याचा परवाना. चंद्रपुरातल्या एखाद्या परमिट रूममध्ये पांढऱ्या केसांच्या गृहस्थाला वेटरने 'काका, परवाना दाखवता का?' असे विचारले, तर त्यांना राग येईल. सगळे आयुष्य गेले, नातवंडे कॉलेजात गेली, आणि आता हा पोरगा मला कागद मागतो! पण वेटरचा प्रश्न कायद्याला धरूनच आहे. त्या खोलीला परमिट रूम म्हणतात ते याचसाठी, की परवाना असलेल्यानेच तिथे बसून प्यावे अशी मूळ व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचे मूळ 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते आणि 1950 मध्ये संपूर्ण प्रांतात दारूबंदी आली. राज्यघटनेच्या 47 व्या कलमानेही औषधी उपयोग सोडून मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले होते. आपला चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1959 च्या विस्तार कायद्याने तोच दारूबंदी कायदा इकडे लागू झाला. पुढे साठच्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली. मात्र कायदा रद्द केला नाही. नाव बदलून 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' झाले, पण सांगाडा तोच राहिला. या कायद्याच्या नजरेत दारू मुळात निषिद्धच आहे आणि परवाना हा त्या निषेधाला दिलेला अपवाद. हे ध्यानात घेतले की पुष्कळ कोडी सुटतात. कायद्यातल्या 66 व्या कलमाखाली परवान्याशिवाय मद्य बाळगणे आणि पिणे हासुद्धा गुन्हा ठरतो. रक्तातले मद्याचे प्रमाण 0.05 टक्के किंवा अधिक आढळले, तर ते मद्य औषध वगैरेंतून गेले, बेकायदा नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. वय साठ असो वा ऐंशी, यातून सुटका नाही.

परवान्याचे दर वर्षानुवर्षे इतके किरकोळ राहिले की त्याचे अस्तित्वच लोक विसरले. एका दिवसाच्या परवान्याला विदेशी मद्यासाठी 5 रुपये, देशीसाठी 2 रुपये, वर्षाला 100 आणि आजीवन 1000 रुपये. एक दिवसाचा परवाना दुकानदाराने ग्राहकाचे नाव लिहून द्यायचा असतो. प्रत्यक्षात किती गिऱ्हाइकांनी आपले नाव लिहिलेला तो चिटोरा पाहिला असेल? या परवान्याची खरी आठवण लोकांना मे 2020 मध्ये झाली. टाळेबंदीत राज्याने घरपोच मद्यविक्रीला मुभा दिली ती फक्त परवानाधारकांसाठी, आणि ऑनलाइन अर्जांची रीघ लागली. वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतल्या माणसाला मात्र ती सोय नव्हती, कारण तिथे विक्रीच बंद होती.

याच कायद्याची दुसरी बाजू वयाची. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने देशभर एकच वयोमर्यादा नाही. गोव्यात 18, तेलंगण व छत्तीसगडमध्ये 21, केरळात 23, दिल्लीत 25. महाराष्ट्राने 2011 च्या व्यसनमुक्ती धोरणात कडक मद्याची किमान मर्यादा 25 केली. वाइन आणि सौम्य बीअरसाठी ती 21 आहे. म्हणजे गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या चोवीस वर्षांच्या तरुणाला घराजवळ कडक दारू घेणे दोन कारणांनी बेकायदा, जिल्हा बंदीचा म्हणून आणि वय कमी म्हणून. नावेतून किंवा पुलावरून गोदावरी ओलांडून तेलंगणातल्या कालेश्वरमला पोचला की दोन्ही कारणे संपतात. नदीच्या दोन तीरांवर तोच माणूस एकीकडे अज्ञान आणि दुसरीकडे सज्ञान ठरतो, हे या सीमाभागाला रोजचे आहे.

या मर्यादांमध्ये एक गोष्ट ठळकपणे दिसते. सगळ्यांना खालची कड आहे, वरची कड कुठल्याच राज्यात नाही. तरुणाला थांबवण्याचा विचार झाला, म्हाताऱ्या पिणाऱ्याचा विचार मात्र कोणी केलाच नाही. मला या लेखात त्याच माणसाविषयी लिहायचे आहे.

वय सिद्ध करायचे कशाने? शहरात सोपे आहे, खिशात आधार कार्ड असते. एटापल्ली, भामरागड, धानोरा तालुक्यांतल्या सत्तरीपुढच्या माणसाकडेही ते आता असते. पण त्यावरची जन्मतारीख बरेचदा अंदाजाची असते. जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, म्हणून आधार नोंदणीच्या वेळी माणसाने सांगितलेले वय घेऊन त्यावरून जन्मवर्ष काढण्याची सोय ठेवली होती. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांना कागद मिळावा, हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता. मात्र ओळख सांगणारा कागद आणि वय सांगणारा कागद एक नव्हे. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी 2024 मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळले. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी ऑक्टोबरात, अपघात भरपाईच्या एका खटल्यात, वयासाठी आधारापेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली.

जनगणनेचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न जुना आहे. ज्या समाजात जन्मतारखा लिहून ठेवल्या जात नाहीत, तिथे माणसे आपले वय चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, साठ असे गोल आकड्यांत सांगतात. मग आलेखात त्या आकड्यांवर उंच सुळके आणि मधल्या वयांवर खड्डे दिसतात. ही विकृती मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक नावाचे माप आहे. गावातली म्हातारी माणसे वय सांगताना मोठ्या दुष्काळाच्या, पुराच्या किंवा मोहफुलांच्या हंगामाच्या खुणा सांगतात. 'मोह वेचायच्या दिवसांत झाला' यावरून महिना जवळपास बरोबर कळतो, कारण मोह मार्च-एप्रिलमध्येच पडतो. वर्ष मात्र अंधारातच राहते. श्रावणबाळ योजनेसाठी 65 वर्षे पूर्ण असावी लागतात. अशा वेळी अंदाजाने लिहिलेले दोन-चार वर्षांचे अंतर म्हाताऱ्या माणसाच्या पेन्शनला भोवते, आणि दारूच्या दुकानातल्या प्रश्नापेक्षा ते मला कितीतरी गंभीर वाटते.

चेहऱ्यावरून वय ओळखण्याचा भरवसा तर इथे आणखीच कमी. आयुष्यभर उन्हात तेंदूपत्ता तोडलेला, खर्रा खाणारा माणूस चाळिशीत साठीचा दिसू शकतो. ऊन आणि तंबाखू, दोन्हींमुळे त्वचा लवकर सुरकुतते हे वैद्यकाने पुरते दाखवले आहे. तसेच उलटही होते, तेवीस वर्षांचा रापलेला मजूर दुकानदाराला सहज तिशीचा वाटतो. चेहरा पाहून 'याला विचारायला नको' असे ठरवणारा दुकानदार दोन्ही बाजूंनी चुकतो.

याच चुकीवर परदेशात वेगवेगळे उपाय काढले गेले. ब्रिटनमध्ये वयोमर्यादा 18 आहे, पण दुकाने 'चॅलेंज 25' ही पद्धत पाळतात. पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाला ओळखपत्र मागायचे, म्हणजे अंदाज सात वर्षांनी चुकला तरी कायदा मोडत नाही. स्कॉटलंडने 2011 पासून अशी पद्धत विक्रेत्यांवर बंधनकारक केली. जपानमध्ये मर्यादा 20 वर्षांची. 2022 मध्ये सज्ञानतेचे वय 18 वर आणले तरी मद्याचे 20 च ठेवले. तिथल्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानांत बिल करताना पडद्यावर 'मी वीस वर्षांपुढचा आहे' असे बटण येते आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही ते दाबावे लागते. अमेरिकेत 1984 च्या केंद्रीय कायद्याने, महामार्गांचा निधी कापण्याचा धाक घालून, सर्व राज्यांना 21 ही मर्यादा स्वीकारायला लावली. टेनेसी राज्याने 2007 मध्ये त्याहून पुढे जाऊन दुकानातून बीअर विकत घेणाऱ्या प्रत्येकाला, वय कितीही दिसत असो, ओळखपत्र विचारण्याचा नियम केला.

मुलाकडे न्यू जर्सीला किंवा टेक्सासला गेलेल्या विदर्भातल्या आईवडिलांना हा अनुभव येतो. हॉटेलात बाबांनी बीअर मागवली की वाढणारी मुलगी पासपोर्ट मागते. बाबांचा चेहरा उतरतो, सुनेला संकोच वाटतो. तिथल्या वेटरच्या बाजूने पाहिले तर गोष्ट निराळी दिसते. अल्पवयीनाला दारू दिल्याचे सिद्ध झाले तर दंड, नोकरी जाण्याची भीती आणि मालकाचा परवाना धोक्यात. अनेक राज्यांत तर पिऊन कोणी अपघात केला तर पाजणाऱ्यावरही दावा होतो. 'सर्वांना विचारायचे' असा नियम असला की तिला कोणाच्या वयाचा अंदाज करावा लागत नाही आणि कोणाला विचारले, कोणाला सोडले असा भेदही राहत नाही. भारतीय वाहन परवाना किंवा आधार कार्ड तिथे बहुतेक जागी चालत नाही, म्हणून बाबांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. आणि रागावू नये, असे मी मनापासून सांगेन. सर्वांना सारखा विचारलेला प्रश्न हा अपमान होत नाही.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे, चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे, वळू. इथे प्रश्न दुकानात विचारला गेला नाही. तो गावात विचारला गेला, आणि विचारणाऱ्या बहुतेक बाया होत्या.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. गावोगाव आरोग्याचे काम करताना बाया पुन्हा पुन्हा दारूचा विषय काढत. त्यातून दारूमुक्तीचे आंदोलन उभे राहिले आणि 1993 मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी केली. शेजारच्या चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या 'श्रमिक एल्गार'च्या पुढाकाराने डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर बायांचा पायी मोर्चा गेला. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी ठराव केले. 20 जानेवारी 2015 रोजी मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्हा बंदीचा झाला. 27 मे 2021 रोजी मंत्रिमंडळाने ती बंदी उठवली आणि जुलैमध्ये दुकाने पुन्हा उघडली. त्यामागे अवैध विक्री आणि गुन्ह्यांची वाढ ही कारणे दिली गेली. बंदीच्या बाजूच्यांनी त्यावर अंमलबजावणीच नीट झाली नाही असे उत्तर दिले. हा वाद अजून मिटलेला नाही.

दारूबंदी जिल्हा म्हणजे काय, याबद्दल मोठा गैरसमज आहे. तिथे वेगळा कायदा नसतो. कायदा मुंबईत आहे तोच असतो, फक्त शासन त्या जिल्ह्यात विक्रीचे परवाने ठेवत नाही. म्हणून 2015 ते 2021 या काळात चंद्रपुरातल्या सत्तरीच्या माणसाला वयाचा पुरावा विचारायला कोणी अधिकृत दुकानदारच नव्हता. जो चोरून विकत होता तो कोणालाच वय विचारत नव्हता, चौदा वर्षांच्या मुलालासुद्धा नाही. बंदीचा मी समर्थक आहे, तरी ही अडचण मला नाकारता येत नाही. गडचिरोलीतले पिणारे आज वैनगंगेच्या पुलावरून सावली तालुक्यात जातात, कारण पलीकडचा किनारा पुन्हा उघडा झाला आहे.

जिल्ह्याच्या बंदीहून लहान, पण मला अधिक पक्की वाटणारी व्यवस्था गावाची आहे. राज्याच्या नियमांनुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तितक्याच टक्क्यांनी, लेखी मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर 'उभी बाटली' आणि 'आडवी बाटली' अशी दोन चिन्हे असतात. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. अक्षर न येणाऱ्या आजीलाही चित्र वाचता येते, म्हणून ही योजना गावात रुजली. अनुसूचित क्षेत्रात तर 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येईल अशी तरतूद केली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने तो कायदा येण्याच्याही आधी, गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या पिढीत, सगळ्यांच्या सहमतीने गावातली दारू थांबवण्याचा निर्णय घेतला होता.

अशा निर्णयात सर्वांत अवघड प्रश्न म्हाताऱ्यांचा असतो. गोंड-माडिया समाजात मोहाच्या दारूला देवकार्यात स्थान आहे. पेन (देव), पितर, लग्न, मरण, सगळीकडे आधी चार थेंब जमिनीवर सांडतात आणि मग पानाच्या द्रोणातून वडीलधाऱ्यांना पहिला मान जातो. शहरात वय वाढले की कागदाचा प्रश्न मिटावा असे वाटते, इथे वय वाढले की मान वाढतो. म्हणून बंदी करताना तरण्या पोरांना सांगणे सोपे आणि गायत्याला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, सांगणे कठीण. पुष्कळ गावांनी विक्रीची दारू वेगळी आणि देवाची वेगळी असा मार्ग काढला. पलीकडे छत्तीसगडात आदिवासींना घरच्या वापरापुरती ठरावीक दारू गाळायची मुभा कायद्यातच आहे. महाराष्ट्रात तशी सरसकट मुभा नाही. 2021 मध्ये राज्याने मोहफुले गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध मात्र उठवले, त्याने फुलांच्या विक्रीतून संसार चालवणाऱ्या बायांना दिलासा मिळाला.

मान आपल्या जागी, शरीर आपल्या जागी. साठीपुढच्या माणसाला दारू जास्त का चढते, याचा हिशेब साधा आहे. मद्य शरीरातल्या पाण्यात पसरते. तरुण पुरुषाच्या वजनात साधारण 60 टक्के पाणी असते. वय वाढते तसे स्नायू घटतात, चरबी वाढते आणि पाणी 50 टक्क्यांजवळ येते. 60 किलोच्या तरुणाच्या शरीरात 36 लिटर पाणी, तर तेवढ्याच वजनाच्या वृद्धात 30 लिटर. 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये, 42.8 टक्के तीव्रतेच्या मद्यातून, जवळपास 61 ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. तोच मद्यार्क सहा लिटर कमी पाण्यात पसरला की त्याची तीव्रता पाचव्या हिश्शाने वाढते. मोहाच्या घरगुती दारूवर लेबल नसते. पहिल्या धारेची किती कडक आणि शेवटची किती फिकी हे चवीवरच ठरते, त्यामुळे हा हिशेब मांडायलाही आधार राहत नाही.

त्यात औषधे येतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर दारू घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. झोपेच्या गोळ्यांसोबत श्वास मंदावतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम बिघडतो. तोल जाऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे ही तर म्हातारपणातली सर्वांत महागात पडणारी दुखापत. नीट चालणारी आजी एकदा पडली की घरातले सगळे वेळापत्रक बदलते. यातला एकही प्रश्न कुठल्याही दुकानात विचारला जात नाही, आणि विचारला जाईल अशी अपेक्षा दुकानाकडून करताही येत नाही.

एक गोष्ट मात्र बंदीच्या प्रदेशातल्या प्रत्येक घराला ठाऊक असायलाच हवी. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची दारू अचानक तुटली, तर ते धोक्याचे आहे. गावाने एका रात्रीत बंदी केली, किंवा पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला, की असे होऊ शकते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, काहींना झटके येतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. नसलेली माणसे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो. गावात याला कधी बाहेरची बाधा समजतात आणि मौल्यवान वेळ मांत्रिकाकडे जातो. हा आजार आहे, त्यावर औषधे आहेत आणि उपचार न मिळाल्यास तो जिवावर बेततो. म्हणून बंदीचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेने त्याच बैठकीत गावातल्या रोज पिणाऱ्या वृद्धांची नावे आशाताईंकडे द्यावीत आणि त्यांची दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली सुटेल अशी तजवीज करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

गडचिरोलीत 2016 पासून राज्य शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'मुक्तिपथ' हा उपक्रम चालवला. त्यातून तालुक्यांच्या गावी व्यसन उपचाराचे दवाखाने सुरू झाले आणि गावपातळीवर शिबिरे झाली. व्यसनाच्या तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी, जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची एक यादी आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असे होते का, सकाळी उठल्यावर लागते का, पिण्यामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा झाली का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कधी काळजी बोलून दाखवली का. या दहा प्रश्नांची उत्तरे द्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत. घरातल्या मुलीने किंवा सुनेने आपल्या बाबांना, सासऱ्यांना, हे प्रश्न मोठ्याने वाचून दाखवले तरी चालते, आणि उत्तरांनी काळजी वाटली तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. सोबत चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी न्यावी.